विधी, एकांत आणि क्लीनरूम : कन्फ्यूशियसचा औषध कारखान्यात काही उपयोग आहे का?

जुवारीकाठ (धागाकर्ती)

निर्जंतुक इंजेक्शने भरण्याच्या खोलीत, म्हणजे क्लीनरूममध्ये, हवा गाळून घेता येते, पाणी शुद्ध करता येते, यंत्राचे सुटे भाग वाफेने निर्जंतुक करता येतात. माणूस मात्र आहे तसाच आत न्यावा लागतो आणि त्याच्या त्वचेवरून, केसांतून, श्वासातून कण सतत सुटत राहतात. त्यामुळे दूषण-नियंत्रणाचा विषय कुठूनही सुरू केला तरी अखेर माणसाच्या वागण्यापाशी येऊन ठेपतो. मी गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता हमी विभागात काम करते. माणसाचे वागणे कसे घडते याचा सविस्तर विचार प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियस याच्या परंपरेत जितका झाला आहे तितका क्वचितच दुसरीकडे झाला असेल. त्या विचाराचा आमच्यासारख्यांना कामापुरता तरी उपयोग आहे का, हे मला या धाग्यात विचारायचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. युरोपीय जीएमपी (औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धती) नियमावलीतील निर्जंतुक औषधांविषयीचे ‘अ‍ॅनेक्स १’ हे परिशिष्ट २०२२ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाले आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले. हवा, पाणी, साहित्य, यंत्रे आणि माणसे यांचा एकत्रित विचार करून प्रत्येक कारखान्याने दूषण-नियंत्रणाचे धोरण लिहून ठेवावे, अशी त्यात अपेक्षा आहे. आपल्याकडचे, औषधनिर्मितीच्या पद्धती ठरवणारे सुधारित शेड्यूल एमही डिसेंबर २०२३ अखेर अधिसूचित झाले. गोव्यातल्या ज्या कारखान्यांचा माल परदेशी जातो त्यांना दोन्हींचा अभ्यास करावाच लागतो.

आता मुख्य अडचण. तयार मालाची तपासणी करून निर्जंतुकता सिद्ध होत नाही. औषधकोशाच्या (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या) नियमाप्रमाणे हजारो कुप्यांच्या बॅचमधून निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी फार तर २० कुप्या घेतल्या जातात. हजारांत एखादीच दूषित असेल तर ती त्या २० मध्ये सापडण्याची शक्यता अगदी थोडी असते. त्यामुळे उरलेल्या कुप्यांचा भरवसा कुप्या भरल्या जात असताना माणसे कशी वागली यावरच ठेवावा लागतो.

ते वागणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. ग्रेड बी (सर्वांत स्वच्छ अशा ग्रेड ए जागेभोवतालची खोली) मध्ये जाण्याआधीच्या खोलीत निर्जंतुक पाकिटातून कव्हरऑल (अंगभर झाकणारा पोशाख) काढताना त्याला फक्त आतल्या बाजूने हात लावायचा. दोन्ही बाह्या आणि पायांची टोके मुठीत गोळा करून धरायची, कारण एक टोक जरी जमिनीला लागले तरी तो बाजूला टाकून नवा घ्यावा लागतो. मग एकेक पाय घालायचा, चेन वर नेताना डोक्यावरच्या टोपीची झालर गळ्यापाशी आत दाबायची, बूट चढवत बाकड्यावरून पलीकडे पाय टाकायचा, गॉगल लावायचा आणि शेवटी हातमोज्याची कड बाहीवर ओढून घ्यायची. आरशात पाहायचे आणि मगच दाराला हात लावायचा. नवीन मुलाला हे करताना पाहिले की तो पायऱ्या आठवतो आहे हे लगेच कळते. मुरलेल्या ऑपरेटरच्या हातांना त्या आठवाव्या लागत नाहीत.

‘लुन-यू’ या वचनसंग्रहाच्या दुसऱ्या प्रकरणात कन्फ्यूशियस म्हणतो की लोकांना कायद्याने आणि शिक्षेने हाकले तर ते शिक्षा चुकवायला शिकतात आणि त्यांना लाज उरत नाही. सदाचाराने आणि विधीने त्यांना वळण लावले तर त्यांना लाज राहते आणि ते आपणहून सुधारतात. माझा अनुभव याला जुळतो. कॅमेरे आणि मेमो वाढवल्यावर आमच्याकडची माणसे कॅमेऱ्यापुरती नीट वागू लागली. म्हणून माझा दावा असा की गाउनिंगचे, म्हणजे हा पोशाख चढवण्याचे, प्रशिक्षण नियम पाठ करून घेण्यापेक्षा विधी अंगवळणी पाडण्याच्या पद्धतीने व्हायला हवे. मते सांगावीत, विरोधी मते असल्यास आधी सांगावीत.

कणाद

विरोधी मत माझ्याकडे आहे. मी वातानुकूलन आणि हवा हाताळणीच्या क्षेत्रातला माणूस आहे. क्लीनरूमचा इतिहास पाहिला तर तिथली मोठी सुधारणा माणसाला वळण लावून झालेली नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील सँडिया प्रयोगशाळेत १९६०च्या दशकाच्या आरंभी विलिस व्हिटफील्ड यांनी गाळलेली हवा एकाच दिशेने संथपणे आणि सतत वाहती ठेवण्याची योजना काढली. तोपर्यंतच्या खोल्यांत हवा घुसळली जाई आणि लोकांना कितीही नियम घातले तरी कण खोलीतच फिरत राहत. व्हिटफील्डच्या खोलीत ते उठताच वाहून जात. माणसे तीच राहिली. बदलला तो हवेचा मार्ग. १९६३ मध्ये अमेरिकेचे ‘फेडरल स्टँडर्ड २०९’ निघाले आणि पुढे १९९९ पासून आयएसओ १४६४४ मालिका आली.

आजही हिशेब तोच आहे. ग्रेड ए मध्ये अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण घनमीटरला ३५२० पेक्षा अधिक चालत नाहीत. ही मर्यादा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारे) फिल्टर, सेकंदाला साधारण ०.३६ ते ०.५४ मीटर वेगाची एकदिश हवा आणि शेजारच्या खालच्या दर्जाच्या खोलीपेक्षा किमान १० पास्कल जास्त दाब यांच्या जोरावर पाळली जाते. त्यापुढची पायरी आयसोलेटर : माणूस बाहेर, हात तेवढे मोज्यांच्या खिडकीतून आत. नव्या अ‍ॅनेक्स १ चा कलही असे अडथळे वापरण्याकडेच आहे. माणसाला सद्गुणी करण्यापेक्षा त्याला खोलीबाहेर ठेवणे सोपे आणि खात्रीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंत्रुजी

कणाद यांचा मुद्दा दमदार आहे, पण आयसोलेटर घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते आणि घेतला तरी त्याच्या मोज्याला भोक पडले आहे का हे पाहणारा माणूसच असतो. तेव्हा कन्फ्यूशियसला इतक्या लवकर दाराबाहेर काढू नये.

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. जुवारीकाठ यांनी घेतलेले वचन योग्य आहे, पण एकट्या त्या वचनावर इमारत उभी राहणार नाही. विधींविषयी कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) आंधळा नव्हता, हे दाखवणारी दोन वचने तुमच्या कामाची आहेत. नवव्या प्रकरणात तो म्हणतो की विधीप्रमाणे टोपी तागाची हवी, आता लोक रेशमाची वापरतात. त्यात काटकसर आहे, म्हणून मी लोकांबरोबर जातो. पण विधीप्रमाणे दालनाच्या पायऱ्यांखाली वंदन करायचे असते आणि आता लोक वर जाऊन करतात. त्यात उद्दामपणा आहे, म्हणून सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन मी खालीच वंदन करतो. टोपीचे कापड बदलले तर विधीचा हेतू बाधत नाही, वंदनाची जागा बदलली तर बाधतो. बदल स्वीकारताना ही परीक्षा लावायची असते. तुमच्या ‘चेंज कंट्रोल’च्या, म्हणजे बदलाच्या मंजुरीच्या, फॉर्मात हाच प्रश्न विचारला जातो असे मी माझ्या माजी विद्यार्थ्यांकडून ऐकतो.

दुसरे वचन तिसऱ्या प्रकरणातले. अमावास्येच्या विधीत बळी देण्याची मेंढी बंद करावी असे त्झकुंग या शिष्याला वाटले, कारण तो विधी नावापुरताच उरला होता. कन्फ्यूशियस म्हणाला, तुला मेंढीचे प्रेम, मला विधीचे. या दोन वचनांत ताण आहे आणि तो मिटवण्याची घाई करू नये. निरर्थक झालेली पायरी काढून टाकावी की हेतू परत जागा होईल या आशेने ठेवावी, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

पुढे याच परंपरेतल्या श्युन्त्झ या विचारवंताने तर सांगितले की माणूस जन्मतः सरळ नसतो. वाकडे लाकूड वाफवून आणि दाबून सरळ करावे लागते तसे विधीने त्याला घडवावे लागते. कणाद, तुमचा माणसांवरचा अविश्वास श्युन्त्झला पटला असता, निष्कर्ष पटला नसता.

एक गोष्ट आपल्या गोव्याची म्हणून सांगतो. मातेओ रिची हा जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारक संघाचा सदस्य) चीनला जाण्यापूर्वी १५७८ मध्ये गोव्यात येऊन राहिला होता. पुढे प्रॉस्पेरो इंतोर्चेत्ता या सिसिलीच्या जेझुइटाने कन्फ्यूशियस परंपरेतील ‘चुंग-युंग’ या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले. त्याची छपाई १६६७ मध्ये चीनमधल्या कँटनला सुरू झाली आणि १६६९ मध्ये गोव्यात पूर्ण झाली. त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात एक वाक्य आहे : दडलेल्याइतके उघड काही नाही, सूक्ष्माइतके ठळक काही नाही, म्हणून सज्जन एकटा असताना स्वतःवर नजर ठेवतो. जुवारीकाठ, तुम्ही ज्या प्रश्नाने धागा सुरू केलात त्याच्या सर्वांत जवळचे वाक्य हे आहे.

शंकेखोर

सगळे छान चालले आहे, म्हणून दोन खडे टाकतो.

पहिला. विधी, शुद्धी, आतले-बाहेरचे, स्पर्श झाला की वस्त्र बदला; हे आपल्या घरातले सोवळेच झाले. सोवळ्याने या समाजाचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. चिनी नाव लावले म्हणून ते तत्त्वज्ञान होत नाही.

दुसरा. कन्फ्यूशियसचे नाव सोयीप्रमाणे वापरण्याचा इतिहास मोठा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१५च्या सुमारास लिहिले की चीनमध्ये आधुनिक भांडवलशाही आपोआप उगवली नाही यात कन्फ्यूशियस विचाराचा हात आहे. १९८०च्या दशकात दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर वर आले, तेव्हा तोच विचार यशाचे कारण म्हणून सांगितला जाऊ लागला. खुद्द चीनमध्ये १९०५ ला शाही परीक्षा बंद झाल्या, १९१९च्या सुमाराच्या चळवळीत ‘कन्फ्यूशियसचे दुकान मोडा’ अशी घोषणा झाली, १९७४ मध्ये सरकारने त्याच्याविरुद्ध मोहीमच चालवली, आणि २००४ पासून त्याच्याच नावाच्या संस्था जगभर उघडल्या. ज्या औषधाने ताप चढतोही आणि उतरतोही, त्याला मी औषध म्हणणार नाही.

जुवारीकाठ

सोवळ्याचा प्रश्न आमच्या कारखान्यात दर वर्षी नव्या भरतीच्या वेळी प्रत्यक्ष येतो, म्हणून सविस्तर उत्तर देते.

सोवळ्यात काही माणसे जन्माने शुद्ध आणि काही जन्माने अशुद्ध मानली जातात. क्लीनरूममध्ये सगळेच कण सोडणारे असतात आणि कोणालाच सूट नसते. कारखान्याचा संचालक ग्रेड बी मध्ये आला तर त्याच्याही छातीवर, बाहीवर आणि बोटांवर कॉन्टॅक्ट प्लेट (जंतूंच्या पोषक थराची बशी) टेकवली जाते, आणि त्याच्या प्लेटवर जंतूंच्या वसाहती उगवल्या तर अहवालात त्या साफसफाई कामगाराच्या प्लेटसारख्याच मोजल्या जातात. विधीची बाह्य रूपे सारखी दिसली तरी भेद कुणामध्ये केला जातो यावरून ती वेगळी ठरतात.

पण हे सांगून प्रश्न सुटत नाही हेही खरे. आत जाताना दागिने, घड्याळ, सौंदर्यप्रसाधने चालत नाहीत आणि कुंकू त्यातच मोडते, कारण पूड सुटते. मंगळसूत्र काढायला सांगितले की नवी मुलगी क्षणभर थांबते. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ पर्यवेक्षिकेने यावर कोणताही लेखी नियम न करता तोडगा काढला : प्रत्येकीला नावाची छोटी डबी दिली, ती कुलपाच्या कप्प्यात वेगळ्या फळीवर ठेवायची आणि काढणे-घालणे ज्येष्ठ बायकांनी आधी करायचे. दोन महिन्यांनी कोणी थांबेनासे झाले. मेमो काढला असता तर मंगळसूत्र कव्हरऑलच्या आत लपवून नेले गेले असते, हे मी खात्रीने सांगते. दुसऱ्या प्रकरणातले ते वचन मला इथे दिसते.

दुसऱ्या खड्याविषयी : पूर्व आशियाच्या यशाचे स्पष्टीकरण मला कन्फ्यूशियसकडून नकोच आहे. माझा प्रश्न एका खोलीपुरता आहे.

दर्यावर्दी

मी मूळचा वास्कोचा, सध्या सिंगापूरला चिप उद्योगात आहे. शंकेखोर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला पुष्टी देतो. चिपच्या कारखान्यात जंतूंपेक्षा कणाची चिंता मोठी, कारण रेषांची रुंदी नॅनोमीटरमध्ये असते आणि बारीकसा कणही चिप निकामी करतो. तिथे वेफर (ज्यांवर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) बंद पेट्यांत ठेवतात, त्या पेट्या छतालगतच्या रुळांवरून यंत्रेच हलवतात, आणि उघड्या वेफरला माणसाच्या श्वासाशी संबंध येऊ नये अशी रचना असते. म्हणजे ज्या उद्योगासाठी पूर्व आशियाच्या शिस्तीचे गोडवे गातात, त्या उद्योगाने माणसाला बाजूला सारूनच काम साधले. सिंगापूर सरकारने १९८०च्या दशकात शाळांत कन्फ्यूशियस नीतीचा विषयही आणला होता. दशक संपता संपता तो गुंडाळला गेला. चिपचा उद्योग त्याच्याशिवाय व्यवस्थित वाढला.

पेडणेकरीण

मी भरणी विभागात पर्यवेक्षक आहे. तात्त्विक चर्चा आदराने वाचली, पण भरणीच्या यंत्रापाशी उभे राहिल्यावर जो प्रश्न पडतो तो अजून कोणी मांडला नाही.

यंत्र चालू असताना रबरी स्टॉपर (कुपीचे बूच) अडकला की दार उघडून निर्जंतुक चिमट्याने तो काढावा लागतो. फिल्टरमधून आलेली हवा सर्वांत आधी उघड्या कुपीवर पडली पाहिजे. मधे हात आला तर हातावरून आलेली हवा कुपीत जाते. म्हणून हात बाजूने न्यायचा, वरून नाही, आणि सावकाश न्यायचा, कारण झटक्याने हलवलेला हात हवेची वाहती रेघ मोडतो. धूर सोडून केलेल्या चित्रीकरणात हे इतके स्पष्ट दिसते की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. आता समजा, शिफ्ट संपत आली आहे, आकडा गाठायचा आहे, आणि ज्येष्ठ ऑपरेटरचा हात चार उघड्या कुप्यांवरून गेला. पाहिले ते फक्त शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाने. त्या कुप्या काढून टाकायला हव्यात आणि नोंद तिथल्या तिथे व्हायला हवी. मुलगा तोंड उघडतो का?

आमच्याकडे ज्येष्ठाला ‘तुमचा हात वरून गेला’ असे म्हणणे उद्धटपणा समजतात, आणि हे मी चिनी लोकांविषयी बोलत नाही. कन्फ्यूशियस तर वडीलधाऱ्यांच्या आदराचा मोठा पुरस्कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची शिकवण आत आणली तर तो मुलगा आणखीच गप्प बसेल, अशी मला भीती वाटते. अंत्रुजी सरांनी याचे उत्तर द्यावे.

अंत्रुजी

ताई, तुमची भीती रास्त आहे आणि तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. तेराव्या प्रकरणात एक अधिकारी अभिमानाने सांगतो की आमच्याकडे एवढा सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा मुलाने साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडचे सरळ लोक वेगळे. बाप मुलाचे झाकतो, मुलगा बापाचे, आणि सरळपणा त्यातच असतो. कुटुंबाविषयी हे वचन मला समजते. कारखान्यात ते नेले तर घात होईल, कारण कुपी टोचून घेणारा रुग्ण त्या कुटुंबात नसतो आणि त्याच्या बाजूने बोलणारा तिथे कोणी नसतो. या वचनाचे समर्थन करण्याचा मी प्रयत्न करणार नाही.

मात्र त्याच परंपरेत दुसरा धागा आहे आणि साम्राज्याच्या काळात राजांनी तो सोयीस्करपणे दुय्यम ठेवला. चौदाव्या प्रकरणात त्झलू हा शिष्य विचारतो की राजाची सेवा कशी करावी. उत्तर असे : त्याला फसवू नकोस, पण त्याच्या तोंडावर विरोध कर. ‘श्याओ-चिंग’ या पितृभक्तीवरच्या ग्रंथात तर विचारले आहे की वडिलांची आज्ञा पाळणे एवढीच पितृभक्ती का, आणि उत्तर देताना गुरू जवळजवळ चिडतो. चुकीच्या गोष्टीसमोर मुलाने वडिलांना आणि मंत्र्याने राजाला टोकलेच पाहिजे, नुसत्या आज्ञापालनाला भक्ती कसे म्हणायचे, असे तो म्हणतो. म्हणजे टोकणे हा आदराचाच भाग आहे. शिकाऊ मुलाने बोलणे हे त्याच्या धाडसावर सोडले तर तो बोलणार नाही. बोलणे हाच विधीचा भाग केला, म्हणजे ठरलेले शब्द, ठरलेली खूण आणि ज्येष्ठाने द्यायचे ठरलेले उत्तर, तर त्याला उद्धट व्हावे लागत नाही. विधीचा उपयोग इथे दुबळ्या बाजूला होतो, असे मला वाटते.

कणाद

अंत्रुजी सर, माझे पहिले मत थोडे सैल करतो. कण मोजणारे यंत्र एका ठिकाणची हवा ओढते. चार कुप्यांवरून गेलेला हात त्याच्या नळीपासून दूर असेल तर ते काहीच दाखवणार नाही. सेटल प्लेट (हवेतून पडणारे जंतू टिपणारी बशी) जास्तीत जास्त चार तास उघडी ठेवतात आणि तिच्यावर जे पडते तेवढेच उगवते. कॅमेऱ्याला हात दिसतो, पण सगळे चित्रीकरण कोणी पाहत नाही. म्हणजे आयसोलेटर नसलेल्या जागी यंत्राला न दिसणारा भाग उरतोच.

आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. जून ते सप्टेंबर हवेत बुरशीचे बीजाणू भरपूर, पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी पॅलेट ओलसर. साहित्य आत नेताना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की काम झाले असे पुष्कळांना वाटते, पण अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पेरअ‍ॅसिटिक आम्लाचे बीजाणुनाशक लागते आणि ते पृष्ठभागावर ठरलेला वेळ ओले राहावे लागते. तो वेळ पुसणाऱ्याने खरोखर दिला की फडके फिरवून पुढे गेला, हे रात्रपाळीला एअरलॉकमध्ये (दोन दारांमधल्या खोलीत) एकटा असलेला माणूसच जाणतो. चुंग-युंगचे वाक्य मी एअरलॉकमध्ये लावणार नाही, पण ते कशाविषयी आहे ते मला कळले.

शंकेखोर

मग माझा तिसरा खडा, आणि हा मी गंभीरपणे टाकतो. जुवारीकाठ यांनी सुरुवातीला घेतलेल्या वचनाचा सगळा भार लाजेवर आहे. लाज वाटणारा माणूस चूक सुधारतो हे अर्धेच खरे आहे. लाज वाटणारा माणूस चूक लपवतो हे त्याहून खरे आहे. औषध उद्योगात जगभर जी प्रकरणे गाजली त्यांत चाचणीचे नको असलेले निकाल पुसणे, नोंदी मागाहून लिहिणे, फाटलेली पाने कचऱ्यात सापडणे असे प्रकार वारंवार आले. ही माणसे निर्लज्ज होती असे समजू नका. नापास निकाल घेऊन साहेबांपुढे उभे राहण्याची त्यांना लाज वाटत होती. लाजेवर आधारलेली व्यवस्था तुम्ही क्लीनरूममध्ये आणाल, तर प्लेटवर उगवलेली वसाहत मोजणारा माणूस शून्य लिहील.

जुवारीकाठ

या धाग्यातला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जे आहे ते सांगते.

लाज कशाची वाटावी हे विधी शिकवतो. पंधराव्या प्रकरणात म्हटले आहे की चूक करून ती न सुधारणे हीच खरी चूक. एकोणिसाव्यात त्झश्या हा शिष्य म्हणतो की क्षुद्र माणूस आपल्या चुकीवर नेहमी रंग चढवतो. म्हणजे या परंपरेत तरी लाजेची जागा चूक होणे ही नसून ती झाकणे ही आहे. आमच्या व्यवस्थेत मात्र बहुतेक वेळा उलटे असते. डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीतला फरक) नोंदवणाऱ्याचे नाव मासिक बैठकीत पडद्यावर येते आणि न नोंदवणाऱ्याचे येत नाही. असे असताना लोक काय शिकतील ते उघड आहे. शंकेखोर यांची टीका या रचनेला लागू पडते. मला ती लाजेच्या कल्पनेवरची टीका वाटत नाही.

युरोपीय नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात सांगितले आहे की मानवी चूक हे कारण लिहिण्यापूर्वी प्रक्रियेतली, कार्यपद्धतीतली किंवा यंत्रणेतली चूक नजरेतून सुटलेली नाही याची खात्री करावी आणि तसे लिहिण्याचे समर्थन द्यावे. आम्ही हे वाक्य वर्षानुवर्षे वाचतो आणि तरीही ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे लिहून फाइल बंद करतो. ज्याच्या गाउनिंगच्या प्लेटवर ग्रेड बी च्या पाच या मर्यादेहून जास्त वसाहती आल्या, त्याला विचारायला हवे की त्या दिवशी कव्हरऑल कोणत्या मापाचा मिळाला होता. आमच्याकडे एकदा असेच विचारले तेव्हा कळले की त्या आठवड्यात लहान मापाचे संपले होते आणि बुटकी माणसे मोठ्या मापाचे कव्हरऑल गोळा करता करता घामाघूम होत होती. तिथे वळण लावायचे होते ते भांडार विभागाला.

म्हणून मी माझ्या मूळ दाव्यात दुरुस्ती करते असे समजा : विधी अंगवळणी पाडणे आवश्यक आहे, पण विधीत चूक सांगण्याची पायरी आणि ती ऐकून घेण्याची पायरी दोन्ही असल्या पाहिजेत, आणि दुसरी पायरी ज्येष्ठांनी आधी शिकली पाहिजे.

अंत्रुजी

आणि टोपी-वंदनाची परीक्षा विसरू नका. गाउनिंगच्या प्रत्येक पायरीपुढे तिचा हेतू एका ओळीत लिहून पाहा. ज्या पायरीचा हेतू कोणालाच सांगता येत नाही ती त्झकुंगची मेंढी समजावी आणि तिच्यावर भांडावे. भांडण लेखी ठेवावे.

कणाद

आमच्या एका ग्राहकाकडे असा कागद केला होता. पहिल्या एअरलॉकच्या चिकट मॅटपुढे हेतू म्हणून कोणीतरी ‘ऑडिटर विचारतात’ असे लिहिले होते. मी अजूनही त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला मान देतो.

पेडणेकरीण

सरांनी सुचवलेले ठरलेले शब्द आमच्या भरणी विभागासाठी मी असे मांडते आहे : पाहणाऱ्याने ‘हात वरून’ एवढेच म्हणायचे, नाव घ्यायचे नाही, यंत्रावर असलेल्याने ‘थांबलो’ म्हणायचे, कुप्या काढायच्या आणि नोंद त्याने स्वतः करायची, सांगणाऱ्याने नाही. नोंद स्वतः केल्याने चुगलीचा प्रश्न उरत नाही. पुढच्या मीडिया फिलच्या वेळी, म्हणजे औषधाऐवजी जंतूंचे पोषक द्रावण भरून जो सराव आम्ही घेतो त्या वेळी, ज्येष्ठ ऑपरेटरने एकदा मुद्दाम हात वरून न्यायचा आणि शिकाऊ मुलाने टोकायचे, असा एक प्रसंग आत घालता येईल का, यावर गुणवत्ता विभागाचे मत हवे. मुद्दाम केलेली चूक मीडिया फिलच्या निकालात धरायची की सराव पाण्याच्या कुप्यांवर वेगळा घ्यायचा?

जुवारीकाठ

वेगळा घ्या, पाण्यावर आणि मीडिया फिलच्या आधीच्या आठवड्यात. मीडिया फिलमध्ये नेहमीच्या कामात घडणारे हस्तक्षेप घालायचे असतात. चुकीचे तंत्र मुद्दाम घालून बॅच पास झाली तर त्याच निकालाचा आधार घेऊन उद्या कोणी त्या चुकीचे समर्थन करील. सरावाचा मसुदा पाठवा, चवथीच्या सुट्टीआधी पाहते. पहिल्या सरावाला विभागप्रमुखांना यंत्रावर उभे करावे, अशी माझी अट आहे.